केरबाच्या तब्येतीची नोंद

एका गावात एक भोळा केरबा होता. शहाणे गावात पुष्कळ होते, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

एकदा केरबाला खोकला झाला. बायको हौसा त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण इनामदारबाईंनी औषध दिलं आणि त्याच्या मोबाईलात एक ॲप घालून दिलं. म्हणाल्या, "आपल्या तब्येतीची नोंद आता आपणच करायची. तुम्ही घरी लिहिलंत की मला इथं दिसतं. काय त्रास आहे तो लिहीत जा."

केरबानं घरी येऊन, खोकत खोकत लिहिलं : 'त्रास – सासूबाई. मुक्काम वाढला आहे.'

बाईंचा फोन आला. "अहो, घरातलं नको! अंगात काय आहे तेवढंच लिहा."

"बरं," केरबा म्हणाला.

पुढं त्याला ताप भरला. हौसा म्हणाली, "नोंद करा." केरबानं मान वाकवून स्वतःकडे नीट पाहिलं आणि लिहिलं : 'अंगात – बंडी. वरून सदरा. गुंडी तुटली आहे.'

"कपडे नकोत हो!" बाई फोनवर ओरडल्या. "काही लागलं, खुपलं, सुजलं तर लिहा."

"असं सोपं सांगा की," केरबा म्हणाला.

ताप उतरला. केरबा पोटभर जेवला, ओसरीवर आडवा झाला आणि उठल्यावर त्यानं लिहिलं : 'मिरची लागली. मग डोळा लागला.'

भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली. दोन माणसांनी केरबाला धरलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि गाडीत घातलं. त्याला वाटलं, ॲपची हीच पद्धत असेल.

दवाखान्यात बाईंनी पट्टी सोडली. "काय झालं डोळ्याला?"

"छान झोप झाली, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आणि तो खोकला?"

"तो केव्हाच गेला."

"मग लिहायला नको? मी अजून त्याचं औषध चालू ठेवलंय! जो गेला, तो गेला म्हणून लगेच लिहायचा!"

"लगेच लिहीन," केरबा म्हणाला.

मग एके दिवशी हौसा शेतावर गेली आणि केरबा बहिणीच्या गावी जत्रेला निघाला. उंबऱ्यातच त्याला आठवण झाली. तो थांबला. लिहिलं : 'केरबा गेला.' मोबाईल बंद करून खिशात घातला आणि गेला.

दवाखान्यात बाईंच्या हातातला चहा सांडला. फोन लागेना. त्या गाडी काढून गावात आल्या. बातमी पसरली. हौसा शेतावरून रडत धावत आली. "जत्रेला जाताना वाटेतच काहीतरी झालं हो!" पोरं शोधायला पळाली. म्हाताऱ्यांनी तोवर तिरडी बांधून ठेवली.

संध्याकाळी आडवाटेनं केरबा आला. हातात जिलबीचा पुडा. दारात ही गर्दी.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

शेजारच्या आप्पांची बोबडी वळली. "के... केरबा!"

केरबानं पुडा खाली ठेवला आणि गळा काढला. "अरे देवा! सकाळी तर चांगला होता!"

हौसानं त्याचा दंड गच्च धरला. "अहो, तुम्हीच केरबा! धडधाकट आहात!"

इनामदारबाईंनी आपला मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. "हे काय लिहून ठेवलंय? वाचा!"

केरबानं अक्षर अक्षर लावून वाचलं. नाव त्याचं. तारीख आजची.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला.

त्यानं डोळे पुसले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि तिरडीवर आडवा झाला.

"उचला आता," तो म्हणाला. "आणि हौसे, जिलबी खाऊन घे. माझी वाट बघू नकोस."