तिमव्वाला दिलेलं उत्तर

विहिरीतून हाक आली की ‘थांब’ म्हणायचं, आणि का ते विचारायचं नाही. आमच्या सोनखडीत नुकत्याच बोलायला लागलेल्या पोरालाही हे शिकवतात.

फार वर्षं झाली या गोष्टीला. गावाला पाणी नव्हतं, म्हणून विहीर खोदायला वडार आले. त्यांच्यात तिमव्वा नावाची मुलगी होती. दुपारची भाकरी खाऊन ती शाळेच्या खिडकीखाली बसायची आणि आतली अक्षरं कोळशाने दगडावर उतरवायची. एकदा तिने पाटलालाच गाठलं.

“पाणी लागलं तर मला आत बसू द्याल?”

“लागू तर दे, मग बघू,” पाटील हसला.

असं सांगतात, की खडक फुटला तेव्हा तळाशी ती एकटीच होती. पाणी उसळलं. ती ओरडली, “लागलं, पाटील! येऊ का वर?”

दोरावरचे गडी पाटलाकडे बघू लागले. पाटलाला आपला शब्द आठवला. ही वर आली की आपल्या पोरांच्या शेजारी बसणार! तो म्हणाला, “थांब. आधी पूजा होऊ दे.”

पूजेला विटाळ नको म्हणून तिची माणसं वेशीबाहेर काढली होती. मंत्र लांबले. पाणी चढत गेलं. पुन्हा हाक आली, पुन्हा ‘थांब’. नारळ फुटला तेव्हा विहीर काठोकाठ भरली होती आणि पाण्यावर साधा तरंगही नव्हता. तिमव्वा कोणालाच सापडली नाही.

असं सांगतात, की ती वर आली तर पाणी तिच्यामागे निघून जाईल. म्हणून अजूनही दर चैत्रात, ऐन दुपारी, गाव तिच्या नावाने दोराला कोरी पाटी बांधून विहिरीत सोडतं. खालून हाक येते. गाव हात जोडून म्हणतं, “थांब, बाई.” मग पाटी वर ओढतात. तिच्यावर बोटांचे काळे ठसे असतात, कोळशाचे. आणि वडारवस्तीतली पोरं अजून दगड फोडतात. शाळेचं विचारलं की त्यांनाही हेच उत्तर.

यंदा कॉलेजात शिकलेली म्हणून दोर धरायचा मान मला दिला. पाणी हललं नाही, पण दोराला हिसका बसला.

“येऊ का वर?”

आवाज माझ्याहून लहान मुलीचा होता.

“म्हण की गं,” माझे आजोबा कुजबुजले. “एरवी तर तोंड मिटत नाही तुझं!”

“नाही म्हणणार, आबा. पाणी जायचं तर जाऊ दे.” मी काठावरून वाकले. “ये, तिमव्वा. वर ये.”

दोर जड झाला, माणसाच्या वजनाइतका. मी ओढू लागले. मागे सगळी म्हातारी माणसं उभी होती. ‘थांब’ म्हणायला एकाचंही तोंड उघडलं नाही.