टोकवाडीचं विमान

एका राज्यात सात खोरी होती, आणि दर दोन खोऱ्यांच्या मध्ये एकेक असा डोंगर, की माथा बघायला जावं तर डोक्यावरची टोपी मागे पडावी. एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात पोचायला चार दिवस चालावं लागे. सगळ्यात लांबचं गाव टोकवाडी. ते एका कड्याच्या खांद्यावर बसलेलं होतं. तिथून राजधानीला यायला नऊ दिवस लागत, आणि निघणारा माणूस घरातल्या सगळ्यांचा नीट निरोप घेऊनच निघे. परत भेट होईल याची खात्री नसे.

त्या राज्यात गोदूबाई नावाच्या बाईनं एक विमान कंपनी काढली. तिच्या घरची खेचरं पूर्वी डोंगरांवरून मीठ वाहायची. खेचरं गेली, डोंगर होते तिथेच राहिले. मग तिनं जुनी चार विमानं घेतली, कंपनीचं नाव ठेवलं 'पाखर', आणि सातही खोऱ्यांत विमानं सोडली. विमानात चहा नसे, उशी नसे, आणि खुर्च्या इतक्या अरुंद, की शेजाऱ्याचा कोपर आपलाच वाटावा. पण तिकीट असं स्वस्त होतं, की शेळ्या राखणारी माणसंसुद्धा वर्षातून एकदा आभाळातून जाऊन येत.

या कंपनीच्या राजधानीतल्या तिकीट खिडकीवर सुगंधा नावाची बाई बसायची. नाव विचारायचं, वळणदार अक्षरात तिकिटावर लिहायचं, शिक्का मारायचा. अकरा वर्षं तिनं हेच काम केलं होतं, पण ती स्वतः विमानात कधी बसली नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायची, "मी गेले तर तिकिटं कोण देणार?" खरं म्हणजे तिला उंचीची फार भीती वाटायची.

एका वर्षी राजधानीत दुसरी विमान कंपनी आली. तिचं नाव 'सुवर्णपंख'. तिच्याकडे बारा मोठी, कोरी विमानं होती, मऊ खुर्च्या होत्या, चांदीच्या वाटीतून खीर मिळे. आणि एवढं असून तिकीट पाखरपेक्षाही स्वस्त. राजधानीतली माणसं तिकडे वळली. सुगंधाच्या खिडकीसमोरची रांग आखडत आखडत पाच-सात माणसांवर आली.

तेव्हापासून कंपनीत दुसरा विषयच उरला नाही. दुपारी जेवायला सगळे विमानांच्या शेडमागे बसत, डबे उघडत, आणि वाद सुरू होई. सगळ्यात जास्त बोलत कॅप्टन दिवाकर. तेच टोकवाडीचं विमान चालवत.

"सुगंधाताई, लिहून ठेवा," ते म्हणत, "टिकलो तर तीन वर्षं. फार ओढलं तर चार. चिमणीनं गरुडाशी शर्यत लावायची नसते."

विमानांची देखभाल करणारे हुसेनकाका गोदूबाईच्या खेचरांपासून तिच्याबरोबर होते. ते भाकरी मोडत म्हणत, "घोड्याची चाल मैदानात दिसते कॅप्टनसाहेब, खेचराची चढावर."

"काका, चढ येईपर्यंत खेचर जिवंत तर राहायला हवं."

यावर हुसेनकाका भाकरीचा दुसरा तुकडा मोडत. सुगंधा आपली पिशवी जवळ ओढून घेई. तिच्या पिशवीत सुवर्णपंखचं पत्र होतं. काचेची खोली, फिरती खुर्ची, दुप्पट पगार, आणि महिनाअखेरपर्यंत कळवा, असं त्यात लिहिलं होतं. चार दिवस ती ते पत्र घरी नेत होती आणि परत आणत होती.

शेवटी गोदूबाईनं सगळ्यांना बोलावलं. ती सरळ म्हणाली, "स्वस्त तिकीट ही आपली ताकद होती. ती आता त्यांनी उचलली. सगळं धरून ठेवलं तर आपण बुडू. काहीतरी सोडावं लागेल. काय सोडायचं ते सांगा."

"टोकवाडी सोडा," कॅप्टन दिवाकर लगेच म्हणाले. "वीस जागांचं विमान, जाताना आठ माणसं. धावपट्टी एवढीशी, पुढे कडा. त्यात ढग. तेच विमान राजधानीहून मोठ्या गावांना जाणाऱ्या मोठ्या फेऱ्यांना लावू. तिथे टिकलो तरच टिकलो."

बोलणं बिनतोड होतं. एकेकानं मान हलवली. सुगंधानंही हलवली.

गोदूबाईनं ते पाहिलं. "टोकवाडी कोणी कोणी बघितली आहे?" तिनं विचारलं.

कॅप्टन आणि हुसेनकाका, दोनच हात वर झाले.

"मग बाकीच्यांनी मान कशाच्या जोरावर हलवली? सुगंधा, उद्याच्या विमानानं तू जा. बघून ये. तू सांगशील तसं करू."

"बाई, मी विमानात कधी बसले नाही."

"माहीत आहे मला," गोदूबाई म्हणाली. "तिकिटं मी देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा कॅप्टनच्या पाठीमागच्या खुर्चीत बसली. तिच्या शेजारी टोकवाडीची एक आजी आली. आजीनं विमानाच्या दारातच चपला काढल्या होत्या आणि आता त्या मांडीवर धरल्या होत्या.

"आजी, पायात घाला की. इथे चालतं."

"असू दे गं," आजी म्हणाली. "एवढ्या उंच जायचं, आणि चपला घालून?"

इंजिन गरजलं, जमीन धावायला लागली, आणि सुगंधानं डोळे गच्च मिटले. मग बराच वेळ काहीच झालं नाही. आजीनं तिच्या हातावर हात ठेवला, तेव्हा तिनं एक डोळा उघडला.

खिडकीत डोंगर होता. राजधानीच्या उत्तरेला उभा असलेला, लहानपणापासून तिच्या जगाची भिंत असलेला तोच डोंगर. आज तिला त्याची पाठ दिसत होती. पाठीवर जंगल होतं, जंगलात एक तळं, आणि तळ्यात आभाळ. त्याच्यामागे दुसरा डोंगर, त्याच्यामागे तिसरा, आणि त्यांच्यावरून ढगांच्या सावल्या निवांत चरत चालल्या होत्या. एवढं मोठं सगळं इथेच होतं, ती रोज त्याच्या पायथ्याशी बसून शिक्के मारत होती, आणि तिला पत्ता नव्हता.

"तो धागा दिसतो का?" आजीनं काचेवर बोट टेकवलं. "तिथे, कड्याला चिकटलेला. ती आमची जुनी वाट. माझी थोरली त्या वाटेवर जन्मली. निघाल्यावर सहाव्या दिवशी. आडोसा म्हणून चार बायकांनी लुगडी धरली होती."

सुगंधा त्या धाग्याकडे बघत राहिली. आजीचं बोलणं संपेपर्यंत विमानाची सावली ती सगळी वाट ओलांडून गेली होती.

टोकवाडी जवळ आली तसा खालून ढग चढला. दाट नव्हता, पण धावपट्टी कुठे संपते आणि कडा कुठे सुरू होतो, ते त्यानं पुसून टाकलं होतं. कॅप्टननी एक घिरटी घातली. जेवताना सगळ्यात जास्त बोलणारा हा माणूस आता एक शब्द बोलत नव्हता. त्यांचे हात अगदी शांत होते.

"परत फिरायचं का?" सुगंधानं हळूच विचारलं.

"जरा थांबू," ते म्हणाले. "येतील ते."

"कोण?"

त्यांनी खाली बघितलं. सुगंधानंही बघितलं. राखाडी ढगात एक पांढरा ठिपका दिसला. मग दुसरा. मग त्याच्या समोर तिसरा. बघता बघता ठिपक्यांच्या दोन ओळी झाल्या, सरळ, समोरासमोर, आणि त्यांच्या मधोमध काळी पट्टी उरली. ती माणसं होती. धावपट्टीच्या दोन्ही कडांना हाताहाताच्या अंतरावर उभी राहून त्यांनी धोतरं, चादरी, पांघरुणं डोक्यावर उंच धरली होती. वाऱ्यानं कापडं फडफडत होती, पण एकही ओळ हलत नव्हती.

कॅप्टननी त्या दोन ओळींच्या मधून विमान खाली आणलं. चाकं टेकली. पांढरी कापडं दोन्ही बाजूंनी सरसर मागे गेली, आणि कड्याच्या बरंच अलीकडे विमान थांबलं.

सुगंधा उतरली. समोर एक उंच माणूस आपली चादर घडी घालून खांद्यावर टाकत होता.

"तुम्हाला कोणी बोलावलं होतं?" तिनं विचारलं.

"इंजिनाचा आवाज आला. ढग होता," तो म्हणाला. "मग काय घरात बसायचं?"

"नेहमी येता?"

"ढग असला की."

"कंपनी तुम्हाला याचं काही देते का?"

त्या माणसाला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "देते ना. विमान देते." आणि आजीची पिशवी उचलून चालायला लागला.

सुगंधा वळली. कॅप्टन विमानाच्या सावलीत उभे होते.

"इतकी वर्षं तुम्ही इथे उतरताय," ती म्हणाली, "आणि शेडमागे एवढ्या गप्पा झाल्या, त्यात हे कधी सांगितलं नाहीत."

कॅप्टन कड्याकडे बघत राहिले. "सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर टोकवाडी सोडा असं मला म्हणता आलं नसतं. मलाही भीती वाटते हो, सुगंधाताई. घर आहे, मुलं आहेत. बुडत्या होडीतून लवकर उतरावं, असं वाटतं."

परतीच्या विमानात चौदा माणसं होती. सुगंधानं वेळ जावा म्हणून प्रत्येकाला विचारलं, कुठे निघालात? एक जण तिसऱ्या खोऱ्यात मध विकायला निघाला होता. मास्तरीणबाई परीक्षेचे पेपर घेऊन पाचव्या खोऱ्यात. एक नवराबायको मुलीचं स्थळ बघायला, त्याच्याही पलीकडे. राजधानीत थांबणारे तिघंच होते. बाकी अकराजणांना तिथे उतरून पाखरचंच दुसरं विमान धरायचं होतं. सुगंधाला त्यातली सहा-सात नावं तोंडपाठ होती. तिनंच ती कितीदा लिहिली होती. नावं लिहिली, पण कुठून आलात, हे कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे जमले. सुगंधाला भाषण येत नव्हतं. तिनं जे पाहिलं ते सांगितलं: वाट, ढग आणि कापडं धरलेली माणसं.

एका कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "ताई, ऐकायला बरं वाटतं. पण विमान भावनेवर उडत नाही, इंधनावर उडतं."

"खरं आहे," सुगंधा म्हणाली. "म्हणून दुसरी गोष्ट सांगते. आपल्या राजधानीच्या मोठ्या विमानांत कोण बसतं, ते मी अकरा वर्षं बघतेय असं मला वाटत होतं. आज चौदाजण आले, त्यातले अकरा पुढच्या विमानात बसले. ती मोठी विमानं टोकवाडीसारखी गावंच भरतात. आपण फांद्या तोडून झाड वाचवायला निघालो होतो."

गोदूबाईनं कॅप्टनकडे बघितलं.

"मला काही म्हणायचं नाही," कॅप्टन दिवाकर म्हणाले. "आठवड्यातून दोनदा जातो, ते चारदा जाईन."

त्या रात्री सुगंधानं सुवर्णपंखला उत्तर लिहिलं. 'आपण विचारलंत, आभारी आहे. मला इथेच काम आहे.' तेवढंच.

पुढचं वर्ष कठीण गेलं. गोदूबाईनं आपली खोली भाड्यानं दिली आणि ती तिकीट खिडकीच्या मागे एका खोक्यावर बसून कारभार बघायला लागली. विमानं झाडायला वेगळी माणसं उरली नाहीत. कॅप्टन स्वतः झाडू घेत. सामान चढवणारे दोघं सुवर्णपंखकडे गेले. त्यांना कोणी नावं ठेवली नाहीत. एकदा राजधानीच्या मोठ्या फेरीला चारच माणसं होती, तरी हुसेनकाकांनी इंजिन तितकंच बारकाईनं तपासलं आणि विमान वेळेवर सोडलं.

मात्र खोऱ्याखोऱ्यांतून माणसं येत राहिली. टोकवाडीचं बघून शेजारच्या दोन वाड्यांनी दगड उचलून आपापल्या धावपट्ट्या केल्या आणि गोदूबाईला निरोप पाठवला, आमच्याकडेही या. तिथेही पाखरची विमानं जायला लागली. सुवर्णपंखची मोठी विमानं तिथे उतरूच शकत नव्हती. नुसत्या राजधानीतल्या माणसांवर त्यांची बारा विमानं भरेनात. वर्ष संपताच त्यांनी तिकीट वाढवलं, मग विमानं कमी केली, आणि शेवटी श्रीमंतांसाठी दोन तेवढी ठेवली. ती दोन छान चालली. पाखरशी त्यांचं काही भांडण उरलं नाही.

दुसऱ्या वर्षी, सुगीच्या दिवसांत एका सकाळी, सुगंधाच्या खिडकीपुढची रांग फाटकाबाहेर गेली. ती लिहीत गेली, शिक्के मारत गेली, आणि एका क्षणी तिच्या लक्षात आलं की आता एकही खुर्ची उरलेली नाही. 'जागा नाही' अशी पाटीच कंपनीकडे नव्हती. तशी वेळ कधी आली नव्हती. हुसेनकाकांनी एका फळीवर खडूनं ते शब्द लिहिले आणि पाटी खिडकीत ठेवली. मग दोन पावलं मागे जाऊन त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली.

रांगेत पुढे एक म्हातारा धनगर होता. त्यानं पाटी दुसऱ्याकडून वाचून घेतली. सुगंधाला वाटलं, आता हा रागावणार.

"बरं," तो म्हणाला आणि तिथेच ओट्यावर घोंगडी अंथरायला लागला. "उद्या विमान आहे ना?"

"आहे, बाबा," सुगंधा म्हणाली.

तात्पर्य : आपण किती टिकणार, हे समोरच्याचे पंख मोजून कळत नाही, आपल्यावाचून कोणाचं अडतं आणि आपल्यासाठी कोण उभं राहतं, ते आधी जाऊन बघावं.