वाटीतली नाचणी

तेव्हा राजा कोण होता, हे आता कुणालाच आठवत नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. हसू येईल अशी नाही, आधीच सांगून ठेवतो.

एका गावात साथ आली. राजाने दवंडी पिटवली, "दारं लावून घ्या, कुणी उंबरा ओलांडायचा नाही!" माग थांबले, कुंभाराचं चाक थांबलं, बाजार बंद पडला.

येसू ही विणकराची बायको, तानी शेजारच्या कुंभाराची. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आणि भिंतीत हात जाईल एवढा झरोका. त्यातून वाट्या जायच्या-यायच्या. गावाची रीतच होती, शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही.

सुरुवातीला इकडून भाकरी गेली, तिकडून वरण आलं. मग भाकरी गेली आणि कण्या आल्या. पुढे कण्यांची पेज, ती रोज जास्त पातळ. परसातल्या शेवग्याचा पालाही ओरबाडून संपला.

एक दिवस तानीने वाटीभर पेज दिली. येसूच्या लहानग्या लेकीने ती घटाघटा पिऊन टाकली, तेव्हा कुठे तिचं रडं थांबलं. पण आता वाटीत काय घालायचं? लेकीसाठी चिंधीत बांधून ठेवलेली मूठभर नाचणी, घरात तेवढीच होती.

"अगं, राहू दे. नुसती धुऊन दे वाटी," नवरा म्हणाला.

"रिकामी? तानीवहिनी काय म्हणतील! जीव गेला तरी नाही."

नाचणी गेली. पलीकडे तानी बघतच राहिली. ती पेज तिने स्वतः उपाशी राहून दिली होती! "यांच्याकडे अजून नाचणी आहे? आणि मी वेडी, पोट मारून यांना भरवतेय." तिने वाटी पालथी घालून ठेवली.

इकडे येसू झरोक्याकडे डोळे लावून बसली.

"आई, काकूकडे मागू का गं?"

"गप! ऐकू जाईल."

पोरीने पुन्हा मागितलं नाही. ती साथीने नाही, भुकेने गेली.

हंबरडा ऐकून तानी झरोक्याशी धावली. हातात तीच नाचणी होती, अडीअडचणीला म्हणून जपलेली. "अगं, एका शब्दाने सांगायचं होतंस गं!"

"तुम्ही तरी विचारायचं होतं, वहिनी," येसू म्हणाली.

त्या गावात आता शेजारणीची वाटी धुऊन रिकामीच परत देतात. ती परत घेणारी आधी विचारते, "आज चूल पेटली का गं?"

म्हणून सांगतो, भूक बोलून दाखवायला लाजू नये, आणि शेजाऱ्याची भूक त्याने बोलून दाखवेपर्यंत थांबू नये.