सुईत औषध किती?

"भन्ते, अजून काय सिद्ध करायचं राहिलं?" शीलवंतानं विचारलं.

भन्ते विहाराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

टेकडीवरच्या त्या विहारात भन्ते वर्षानुवर्षं दुखणाईतांना सुया टोचत आले होते. शीलवंत त्यांचा शिष्य. सुयांना तारा जोडून त्यांतून हलकी वीज सोडायचं यंत्र त्यानंच विहारात आणलं, आणि तेव्हापासून स्वारी हवेत होती. तसा हात चांगलाच होता त्याचा. गुडघे सुजलेली माणसं कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून यायची आणि आपल्या पायांनी टेकडी उतरायची. आता त्याला खालच्या गावात स्वतःचा दवाखाना हवा होता, आणि भन्ते काही हो म्हणत नव्हते.

"माझ्या हातानं सूज जाते. सारा तालुका सांगतो."

"कौतिकाबाईंची?"

शीलवंत वरमला. कौतिकाबाई आतच चटईवर पडल्या होत्या. गुडघ्याखाली सुया, सुयांना तारा. महिना होत आला तरी बोटांची सूज जशीच्या तशी. एवढी एक म्हातारी त्याच्या नावाला बट्टा लावत होती.

"त्याचं कारण सापडलं आज!" त्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "सहा वर्षं रोज स्टेरॉइड खाताहेत. आज बोलल्या. घेतल्या काढून." मग दाराकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "आजी, उद्यापासून गोळ्या बंद. मी आहे ना!"

"बरं बाप्पा," आतून आवाज आला. "तू म्हनतं तं नाई खात."

केवढा विश्वास! शीलवंताची छाती फुगली.

भन्तेंचे हात थांबले.

"तुझ्या सुईत औषध किती?"

"काहीच नाही. नुसतं पोलाद."

"तारेत?"

"वीज. किंचित."

"मग सूज कोण घालवतं?"

हा तर त्याचा हातखंडा विषय. "विजेनं नस चाळवते, निरोप मेंदूला जातो. मेंदू मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना हुकूम देतो आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. जिवावर ताण आला की अंगात उसळतं, तेच. ते सूज दाबतं. उंदरांवरच्या प्रयोगांत तरी असंच दिसलंय." एका दमात म्हणून टाकलं. आपलं बोलणं त्याला स्वतःलाच फार आवडलं.

"आणि या गोळीत?"

"त्याच जातीचं. कारखान्यात केलेलं."

"सहा वर्षं आयतं मिळतंय... मग यांच्या ग्रंथी काय करत असतील?"

शीलवंतानं हातातल्या पट्टीकडे पाहिलं.

ग्रंथी निजल्या असणार. त्याची वीज महिनाभर हाका मारत होती, उठणारं कुणी नव्हतं. आणि उद्या गोळीही बंद झाली असती, तर म्हातारीच्या अंगात ना बाहेरचं, ना घरचं. साध्या तापानं ती हातची गेली असती.

तो धावतच आत गेला. यंत्र बंद केलं, सुया काढल्या, पट्टी कौतिकाबाईंच्या हातात ठेवली.

"आजी, चुकलो मी. एकही गोळी चुकवू नका. कमी करायच्या तर डॉक्टरच करतील, हळूहळू. उद्या मी येतो तुमच्यासंगं."

"आत्ता तं बंद म्हने..." असं पुटपुटत कौतिकाबाईंनी पट्टी पदराला बांधली.

शीलवंत बाहेर आला. थोडा ताठा अजून शिल्लक होता.

"भन्ते, यांचं सोडा. पण बाकीचे? ज्यांच्या ग्रंथी जाग्या होत्या, जे बरे होऊन गेले... त्यांना तरी मी काही दिलंच ना?"

"औषध त्यांच्याच अंगातलं. पण तूही दिलंस की."

"काय?"

भन्तेंनी पुढची शेंग उचलली.

"थोडासा त्रास."