मदतीचा काटा

एकदा एक वयोवृद्ध उपचारक तालुक्याच्या गावी लहान मुलांच्या हातांवर उपचार करीत असत. आयुष्यभर त्यांनी चेंडू, मणी आणि कणकेचे गोळे यांवर काम भागवले होते. तरी नवे यंत्र हट्टाने आणवले ते त्यांनीच. डोळ्यांवर चष्मा चढवला की मुलाला समोर पेरूची बाग दिसे, आणि हातमोजा घातलेला हात हलला की बागेतला आभासी हात हले. मूठ उघडायची, पेरू धरायचा, टोपलीत टाकायचा. व्यायामाचे नाव काढताच भोकाड पसरणारी मुले या बागेतून बाहेर यायला तयार नसत.

त्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. तिच्याकडे शर्वी नावाची सहा वर्षांची मुलगी सोपवली होती. सेरेब्रल पाल्सी या मेंदूच्या विकारामुळे शर्वीची डावी मूठ कायम मिटलेली. जूनमध्ये ती पहिलीत जाणार, आणि तिथे डबा उघडून द्यायला आई नसणार. एका हाताने डबा धरून दुसऱ्याने झाकण काढता यावे, एवढेच आईचे मागणे होते. त्यासाठी ती माउली दोन एस.टी. बदलून रोज येई.

पहिल्या दिवशी टोपलीत चार पेरू पडले. दोन महिन्यांत शंभर! आई पेढे घेऊन आली, शिष्येचा आनंद गगनात मावेना.

वृद्धाने पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही; त्यांची नजर शर्वीच्या डाव्या हातावर होती. "पोरी, पुन्हा एकदा खेळ बरं," म्हणत ते यंत्रापाशी गेले आणि त्यांनी काहीतरी फिरवले. बागेतला हात जागच्या जागी थिजला. शर्वी धडपडली, घामाघूम झाली, एकही पेरू पडेना.

"अहो सर, हे काय केलंत!" आई किंचाळलीच.

वृद्ध शिष्येला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले.

"मूल बोटभर हललं की बागेतला हात हातभर हलावा, म्हणून तो मदतीचा काटा आहे. सुरुवातीला मदत हवीच. पण दर आठवड्याला काटा एक घर खाली आणायचा, हा आपला नियम. तू काय केलंस?"

"खाली आणला की तिचा चेहरा पडायचा, सर. मला बघवेना. म्हणून थोडा वर नेला."

"किती?"

"शेवटपर्यंत," ती कसेबसे म्हणाली.

"मी आता तो शून्यावर आणला. शंभर पेरू तुझ्या दयेने तोडले, बाळ. ती मूठ अजून तशीच मिटलेली आहे. हरणं तिला सोसलं असतं. तिचं हरणं तुला सोसवलं नाही. मीही दोन महिने वहीतले आकडेच वाचत बसलो, हात पाहिला नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तिला मात्र कळू देऊ नकोस. मन मोडेल तिचं."

"मला माहितीये," दारातून आवाज आला.

चष्मा कपाळावर सरकवून शर्वी उभी होती. मागे आई.

"मी नुसता खांदा हलवला तरी पेरू यायचा. एकदा तर शिंकले, तरी आला."

वृद्धाला उभ्या आयुष्यात इतका धक्का बसला नव्हता. ते पायरीवर बसलेच. "मग बोलली का नाहीस गं?"

"ताई टाळ्या वाजवायच्या. आई आनंदानं रडायची. मग मी कसं सांगू?"

आईने पदर तोंडाला लावला. सहा वर्षांचे पोर दोन महिने तीन मोठ्या माणसांना सांभाळून घेत होते, आणि आपण तिच्यावर उपचार करतो आहोत, असे ती माणसे समजत होती.

"आता खरी बाग लावा ना," शर्वी म्हणाली. "एकच पेरू आला तरी चालेल."

त्या दिवशी एकही आला नाही. शिष्येचा हात दोनदा काट्याकडे गेला, दोनदा मागे आला. तास संपता संपता शर्वीची करंगळी तळव्यापासून जराशी सुटली. या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. आधी तिने हसावे, म्हणून सगळे थांबून राहिले.