मालक गेले

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध शिक्षक राहत असत. कोणत्या कामासाठी कोणत्या कचेरीत जायचे, हे अडलेल्यांना समजावून सांगणे हेच त्यांनी म्हातारपणीचे व्रत मानले होते. एक पदवीधर शिष्य त्यांच्या हाताखाली शिकत होता. सगळ्या योजना त्याला तोंडपाठ होत्या आणि त्याचा थोडा ताठाही होता.

एके दिवशी ओसरीवर गर्दी असताना एक बाई पुढे आली.

"दादा, रेशन कार्डावरलं मालकांचं नाव कमी करायचं हाय. मालक गेले."

शिष्य खाली मान घालून लिहीत होता. "कुठे गेले?"

बाईची नजर जमिनीकडे गेली.

"अहो मावशी, तोंड उघडा की! आमचा पण नंबर यायचाय," मागून कोणी तरी ओरडले.

"कामाला बाहेरगावी गेले असतील," शिष्य म्हणाला, "तर आल्यावर त्यांनाच पाठवा. सही त्यांचीच लागते. चला, पुढचे कोण?"

बाईने पदर सारखा केला आणि ती पायऱ्या उतरून गेली.

कोपऱ्यात बसलेले गुरुजी उठले. त्यांनी शिष्याला उठवले, स्वतः त्याच्या जागी बसले आणि त्याला समोर उभे केले. "तू पहिल्यांदा माझ्याकडे कशासाठी आला होतास, ते सांग."

शिष्य गोंधळला. "गुरुजी, तुम्हाला ठाऊक आहे. वडील गेले, म्हणून..."

"कुठे गेले?" गुरुजींनी मान वर केली नाही. "आल्यावर त्यांनाच पाठव. सही त्यांचीच लागते."

क्षणभर शिष्याला रागच आला. मग त्याचे कान तापले. त्या बाईचे मोकळे कपाळ त्याने पाहिलेच नव्हते.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "आपल्या माणसाबद्दल 'मेला' हा शब्द कोणाच्या तोंडून निघतो का रे? मूल झाले, लग्न ठरले, माणूस गेला, एवढेच लोकांना सांगता येते. त्यासाठी सरकारदरबारी काय मिळते हे ठाऊक असते, तर ते आपल्याकडे कशाला आले असते? नाव कमी करायला तिला कोणी तरी सांगितले, तेवढेच ती बोलली. आधी मृत्यूची नोंद, मग विधवेचे निवृत्तिवेतन, हे तू ओळखायला हवे होतेस. आता ती पुन्हा कोणत्याच कचेरीची पायरी चढणार नाही. तिच्या हक्काचे तिला कधी कळणारही नाही."

शिष्य चप्पल न घालताच धावला. बाई एसटी स्टँडवरच्या बाकावर बसली होती. त्याला पाहताच ती घाईने उठली, जणू तिचेच काही चुकले होते.

"मालक यायचे न्हाईत वो, साहेब," ती म्हणाली.

"कळलं मला, मावशी. माझं चुकलं." मघाशी कामाच्या नादात वर न झालेली मान आता लाजेने वर होईना. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. "काय झालं, ते मला सांगा."

बाई पुन्हा बाकावर टेकली आणि मालकांच्या आजारपणापासून सांगू लागली. तिच्या गावची गाडी लागली, कंडक्टरने दोनदा हाक मारली, तरी ती उठली नाही.