वहीतली साठ नावं

"चाचा, वर्षाला तुम्ही किती दाते गोळा करता?"

"गोळा नाही करत. रोज एकाला बोलावतो."

"रोज एकच?"

"कधी दोन."

निरंजन हसला. मिरजेत, रुग्णालयासमोरच्या धर्मशाळेच्या ओट्यावर दस्तगीर चाचांपुढे बसून त्याने सोमवारचं वर्तमानपत्र उलगडलं. पहिल्या पानावर तोच होता. खाटेवर आडवा, दंडाला पट्टी, अंगठा वर.

"रविवारच्या शिबिरात एका दिवसात चारशे बारा बाटल्या रक्त, चाचा!"

चाचांनी चष्मा पुसला. "फोटो चांगला आलाय."

दोन महिन्यांपूर्वी तो परदेशातून शिकून परतला होता. रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांसाठी झोकून द्यायचं, म्हणून थेट चाचांकडे आला. चाचांचं काम वीस वर्षं तेच. कुणाच्या प्लेटलेट घसरल्या, रक्त थांबेना झालं, की वही उघडायची आणि एका दात्याला फोन लावायचा.

"वहीतले किती जण आले होते?"

"सगळे! साठच्या साठ. एकानंही नाही म्हटलं नाही."

"वही तुला वाचायला दिली होती."

"वाचली ना. म्हणून तर बोलावले."

चाचांनी फोन त्याच्यापुढे सरकवला.

"भाग्यश्री म्हणून पोर आहे समोर, वरच्या वॉर्डात. नऊ वर्षांची. सकाळपासून नाकातलं रक्त थांबत नाही. लाव फोन."

निरंजनने पहिलं नाव घेतलं.

"अहो निरंजनदादा, रविवारी तुमच्या शिबिरातच दिलं की! आता महिनाभर माझ्या प्लेटलेट घेणार नाहीत म्हणाले. प्रमाणपत्र भिंतीला लावलंय. या एकदा बघायला!"

दुसरं नाव. तेच.

सातव्याने विचारलं, "पुढचं शिबिर कधी?"

विसाव्या फोननंतर निरंजनने वही मिटली.

"पण त्या चारशे बारा बाटल्या...?"

"त्यातल्या प्लेटलेट पाच दिवस टिकतात."

"आज..."

"शनिवार."

ओट्याखाली कुणीतरी स्टोव्ह पेटवला. भाताचा वास आला.

निरंजनने बाही वर सारली. "माझ्या घ्या. आत्ता चला."

चाचांनी वर्तमानपत्रावर बोट ठेवलं. "पहिला तूच होतास."

"तिचे वडील?"

"अंगात रक्तच कमी. सकाळीच परत पाठवलं त्याला."

"सांगलीची रक्तपेढी? कोल्हापूरची?"

"विचारलं. बघतो म्हणालेत."

"मग तुम्ही मला रविवारीच का नाही अडवलं?"

"मी सोलापूरला होतो. मयतीला. तू विचारलंस कुठं?"

...

समोरच्या रुग्णालयाचा जिना उतरून मलकाप्पा ओट्यापाशी आला. भाग्यश्रीचा बाप, जतकडचा. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, घामानं भिजलेली. सदऱ्यावर छातीपाशी रक्ताचे थेंब.

"चाचा, मिळालं का हो कोण?"

चाचांनी मिटलेली वही बाजूला ठेवली.

मलकाप्पाची नजर वर्तमानपत्रावर गेली. मग निरंजनच्या चेहऱ्यावर. परत वर्तमानपत्रावर.

"हे तुम्हीच की हो!" त्याचा चेहराच बदलला. "चारशे माणसं आणली म्हणे! वर नर्सबाई वाचून दाखवत होत्या. मी पोरीला म्हटलं, बघ, देवमाणूस आलाय गावात, आता तुला काय कमी पडत न्हाई..."

बोलता बोलता तो निरंजनच्या पायांशी वाकला.

निरंजन झटकन मागे सरला.

चाचांनी निरंजनचं मनगट धरलं आणि हलकेच कानाशी म्हणाले,

"पाय मागं घेऊ नकोस. आज त्याला द्यायला आपल्याकडं दुसरं काही नाही."